पाणी परत येतं तिथे

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत दोन काळुंदरं आहेत. बाजारात हा मासा वाट्यावर मिळतो, आणि रव्यात घोळून तळला की गोव्यातला माणूस पानावरून लवकर उठत नाही. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण टाकीकडे बघून विचारतो, "कधी तळणार?" शोभेचे मासे म्हणजे लाल-सोनेरी, झुळझुळीत शेपटीचे. हिरवट राखाडी अंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, भाकरीसारखा रुंद मासा कोणी हौसेने पाळतो हे लोकांच्या पचनी पडत नाही. माझी बायको या प्रश्नाला एकच उत्तर द्यायची. "आधी तुमचा कुत्रा तळा, मग बघू."

ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं माहेर पेडण्याकडचं, खाजनातलं. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने बाहेर थोपवून राखलेली शेतजमीन. एका सुट्टीत ती माहेरी गेली असताना बांधाची डागडुजी चालली होती आणि एका डबक्यात नखाएवढी पिल्लं अडकली होती. मुलांना दाखवायला म्हणून तिने ती बरणीतून शाळेत आणली. त्यातली दोन जगली, हळूहळू गोड्या पाण्याला सरावली आणि वार्षिक परीक्षेनंतर आमच्या घरी आली, ती राहिलीच.

मी डिचोलीतल्या एका लहान वाचनालयात ग्रंथपाल आहे. माशांशी माझा संबंध त्यांच्यासमोर बसून वाचण्यापुरता होता. ती गेल्यावर तो वाढला. सकाळी उठून घरात काहीतरी करावं लागतं, कोणाला तरी खायला घालावं लागतं, एवढ्या कारणासाठी मी कित्येक दिवस अंथरुणातून उठलो आहे.

पण मासे वाढले होते आणि टाकी तेवढीच होती. वळताना त्यांची शेपटी काचेला लागायची. मग मोठ्या माशाने लहानाचे पर कुरतडायला सुरुवात केली. हे असं होणार हे तिला आधीच कळलं होतं. आजारपणात तिचा पलंग आम्ही बैठकीच्या खोलीत आणला होता, आणि पडल्या पडल्या ती नव्या टाकीचा आराखडा सांगायची. वर मोठी टाकी, खालच्या कपाटात गाळणीची लहान टाकी. वरचं पाणी आपल्या वजनाने खाली उतरेल, गाळणीतून जाईल, आणि पंप ते पुन्हा वर चढवेल. घाण झालेलं पाणी खालच्या टाकीला तोटी बसवून भिंतीतून मागच्या अळवाच्या वाफ्यात सोडायचं. मी ते टिपून घ्यायचो. वाचनालयातली जुनी सूचीपत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची जाड कार्डं, रद्दीत निघाली होती. मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचो. प्रत्येक सांध्याला एक कार्ड. ती हसायची. "नळांची पण वर्णानुक्रमे यादी करणार काय तुम्ही?"

एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोप लागली. मग तशीच ती माहेरच्या बोलीत म्हणाली, "पाणी परत येता थंय मानस जाय."

जाय म्हणजे पाहिजे, एवढं मला चांगलं ठाऊक होतं. पाणी परत येतं तिथे मानस हवं. मी काही विचारलं नाही. कार्डही काढलं नाही. ते वाक्य नळाबद्दल असेल असं माझ्या मनातही आलं नाही. गेलेलं पाणी परत येतं, त्या जागी मन लागतं, इच्छा लागते, असं ती मला सांगते आहे असं मला वाटलं. मी तिचा हात धरून बसलो.

ती गेल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा दुसरं काही सुचेना. मी ते वाक्य सांगितलं, त्याचा मला लागलेला अर्थ सांगितला आणि खाली बसलो. पुष्कळांनी डोळे पुसले आणि मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या साहाय्यक बाईंनी दारातल्या सुविचाराच्या फळ्यावर ते सुंदर अक्षरात लिहिलं: जिथे पाणी परत येतं, तिथे मानस हवं. पुढे ते कोणी पुसलं नाही. एकदा पेडण्याकडून इकडे राहायला आलेले एक वयस्क सभासद फळ्यापुढे थांबले आणि मान डोलावून म्हणाले, "अगदी खरं. नाहीतर शेत गेलंच म्हणून समजा." आयुष्याला त्यांनी शेत म्हटलं याचं मला फार अप्रूप वाटलं. घरी येऊन मी ते डायरीत लिहून ठेवलं.

तिच्या वर्षश्राद्धानंतर मांय टाकीसमोर बसून होत्या. मांय म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला हाच शब्द. अजून खाजनात कोरगूट भात लावतात, बांधावरून माझ्यापेक्षा वेगाने चालतात. लेकीचे मासे त्या शेजारणीच्या पोरांसारखे मानतात: लाड आणि रागावणं दोन्ही. त्या दिवशी लहान माशाचा फाटलेला पर बघून त्या म्हणाल्या, "जावयबापू, हे मासे मी व्हरतां. आमच्या तळ्यात सोडतां. हांगा एकमेकांक खातले ते."

मी म्हटलं, नवी टाकी करणार आहे.

"कधी?"

कार्डं खणात होती आणि वर्षभर मी तो खण उघडला नव्हता.

"पुढल्या म्हयन्यात येतां," त्या म्हणाल्या. "ड्रम घेवन येतां. तुमची टाकी जाली तर जाली. ना तर मासे माझ्यावांगडा."

त्यांचं चूक नव्हतं. पण मासे गेल्यावर त्या खोलीत मी आणि पुस्तकं, एवढंच उरणार होतं, आणि त्या विचाराने मी खण उघडला.

टाकी म्हापशाहून करून आणली. नळकाम करायला मिळाला तो बेळगावकडचा. गोव्यात येऊन बरीच वर्षं झालेली, इमारतींमधली न्हाणीघरं आणि संडास बसवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे टाकीकडेही तो त्याच नजरेने बघायचा. कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला तर म्हणाला, "हे काय सर, रेशन कार्डं? एवढी कुणाची?"

"सांध्यांची. एकेका सांध्याला एक."

"आमी एक रेघ मारतंय बघा भिंतीवर, झालं काम." मग एक कार्ड उलटून मागची छापील नोंद वाचली. "ह्याच्यावर कादंबरी लिवलंय की ओ."

"ती मागची बाजू. पुढची बघा."

"पुढची बी कादंबरीच हाय."

पण कामाला तो चोख होता, आणि वाद घालायला तयार. चिऱ्याच्या भिंतीतून मागे जाणाऱ्या नळीला किती ढाळ द्यायचा यावर आमचं चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चाललं. मी पुस्तकात वाचलेला ढाळ सांगत होतो. तो म्हणत होता, माशाची घाण माणसाच्या घाणीपेक्षा हलकी, तेवढा कशाला. शेवटी त्याने नळीतून बालदीभर पाणी ओतलं, मी मागच्या दारी अळवाजवळ उभा राहिलो, आणि पाणी आलं तेव्हा दोघांचंही म्हणणं खरं ठरल्यासारखा आम्ही वाद सोडून दिला. तिने वर्षापूर्वी पलंगावरून बोटाने दाखवलेल्या वाटेने पाणी गेलं होतं. अळवाच्या पानावर एक थेंब उडून बसला होता. पुष्कळ दिवसांनी मला काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं.

एक बदल मात्र मी माझ्या मनाने केला. पंपाकडून वर येणाऱ्या नळीचं तोंड तिने पाण्याच्या अगदी वरच्या थराला ठेवायला सांगितलं होतं. पण तसं केलं की पाणी पडल्याचा आवाज येतो. मला वाचताना शांतता लागते. म्हणून मी नळकाम करणाऱ्याला सांगितलं की नळी पार तळाशी ने. तो म्हणाला, "तुमची टाकी, तुमचा कान."

मांय रविवारी सकाळी गावच्या भाजीच्या टेम्पोतून उतरल्या. बरोबर निळा प्लास्टिकचा ड्रम, झाकणाला तापल्या सळईने पाडलेली भोकं. ड्रम त्यांनी बरोबर दारात ठेवला, आत येता-जाता प्रत्येकाला वळसा पडेल असा.

नळकाम करणाऱ्याने आणि मी टाकी भरली, पंप चालू केला. पाणी कोपऱ्यातल्या कंगव्यासारख्या दातेरी काचेवरून शांतपणे घसरत खाली उतरलं, गाळणीतून गेलं, वर आलं. आवाज जवळजवळ नव्हताच. मासे अजून जुन्याच टाकीत होते, ते काचेला तोंड लावून नव्या पाण्याकडे बघत असावेत असं मला वाटलं. मांय कदेल ओढून, म्हणजे खुर्ची ओढून, समोर बसल्या. त्यांनी दोनदा दारातल्या ड्रमकडे पाहिलं, तो रिकामाच परत जाणार असं मला वाटलं, आणि मी मनातून जिंकलो होतो.

मग वीज गेली.

पंखा थांबला, पंप थांबला. रविवारी वीज जाण्यात नवल काही नाही. थोड्या वेळाने मांय म्हणाल्या, "पांय कित्याक ओले जाले माझे?"

वरच्या टाकीतलं पाणी त्याच नळीने उलटं खाली येत होतं. नळीचं तोंड तळाशी, म्हणजे वर थेंब राहीपर्यंत ते येतच राहणार होतं. खालची टाकी केव्हाच भरून कपाटाच्या दारातून ओघळत होती आणि लाल फरशीवरून पाणी पुस्तकांच्या खालच्या फळीकडे निघालं होतं. मी कोश उचलायला धावलो, नळकाम करणाऱ्याने अंगठ्याने नळी दाबून धरली, आणि मांयनी घरात दिसेल तो तुवाल जमिनीवर टाकला. त्या गडबडीत त्या ओरडल्या, "अरे, मानस खंय हिची? मानस ना?"

"मानूस?" नळीला अंगठा लावून आडवा पडलेला तो म्हणाला. "कोन मानूस, आजी? एकटाच आलंय की ओ मी!"

"मानूस न्हय, मेल्या. मानस! पाणी परत येता थंय मानस जाय!"

माझ्या हातात शब्दकोशाचा तिसरा खंड होता. तो घेऊन मी ओल्या फरशीवर तसाच उभा राहिलो. बैठकीच्या खोलीत ते वाक्य दुसऱ्यांदा बोललं गेलं होतं, त्याच बोलीत, जवळजवळ त्याच आवाजात. फक्त या खेपेस ते मोठ्याने आणि रागाने आलं होतं.

पाणी आटोक्यात आल्यावर मी मांयना विचारलं, मानस म्हणजे काय. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी भात म्हणजे काय विचारलं. माझं घर शिरगावच्या बाजूचं, डोंगराचं, खनिजाच्या तांबड्या धुळीचं. आमच्याकडे खाडी नाही, बांध नाही, त्यामुळे हा शब्दही नाही. त्यांनी ओल्या तुवालाच्या पिळाने फरशीवर बांध घातला आणि त्यात एक फट ठेवली. बांधाला असं तोंड असतं, त्याला लाकडी दार टांगलेलं. ओहोटीला शेतातलं पाणी आतून दाराला ढकलतं, दार उघडतं, पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी उलटं यायला बघतं. तेच पाणी दाराला दाबतं आणि दार आपोआप बंद होतं. "कोणी लावूंक नाका, कोणी काडूंक नाका. येणारें पाणीच दार लावता. ती मानस."

"नॉन रिटर्न वॉल," नळकाम करणारा म्हणाला. "झडपवालं. ते मला सांगायचं की ओ. माझ्या साइटवर हाय एक." आणि तो स्कूटरवरून निघून गेला.

आम्ही दोघं फरशी पुसत राहिलो. मग मी मांयना सगळं सांगितलं. दुपारचं ते वाक्य, मी लावलेला अर्थ, शोकसभा, सुविचाराचा फळा. त्या पुसायच्या थांबल्या. मला वाटलं, लेकीच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी काहीतरी भलतंच लोकांना सांगत राहिलो याचं त्यांना वाईट वाटेल.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "दाराखातीर लोक दोन मिनिटां उभे रावले?"

मी हो म्हटलं. त्या हसू लागल्या. आधी पदर तोंडावर धरून, मग पदर सोडून. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणून दिलं, आणि पेला हातात घेतल्यावर फरशीभर पसरलेल्या पाण्याकडे बघून त्या परत हसल्या. मलाही आवरेना. ती गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो होतो, पण एकत्र हसलो नव्हतो. "खुळो गो तुझो घोव," त्या जुन्या टाकीतल्या माशांकडे बघून म्हणाल्या. मासे ज्या बाजूला होते त्याच बाजूला तिचा पलंग असायचा.

झडप आली. पितळेची, आत टांगलेली टिकली असलेली. ती पंपाच्या वर बसवली. वीजही आली होती. पाणी पुन्हा फिरू लागल्यावर मांय उठल्या आणि स्वतःच्या हाताने पंपाचं बटण बंद केलं. आत टिकली टक् करून बसली. पाणी जिथल्या तिथे थांबलं. मी ड्रमकडे पाहिलं.

"थांबा," मांय म्हणाल्या. त्यांनी मागच्या दारी जाऊन नारळाच्या सोडणाचा काथ्या आणला. "ही उगड. मदीं हें घाल."

"आजी, चांगलं बसलंय की! मुद्दाम बिघडवायचं?"

"मानशीत काटकी अडकता. दर वर्सा अडकता. मग दार लागना. मग कितें करतलो तूं? थंय अंगठो लावन निजतलो?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी कार्डांचा गठ्ठा काढला. वरच्या नळीचं कार्ड मला माहीत होतं, मीच ते बाजूला ठेवलं होतं. नळीचं तोंड पाण्याच्या वरच्या थराला, आणि त्याच्या जरा वर, पाण्याखालीच, तिच्या सांगण्यावरून मी काढलेलं एक बारीक भोक. भोक उघडं पडलं की नळीत हवा शिरते आणि उलटं येणारं पाणी तुटतं. पुढच्या कार्डावर खालची टाकी होती. तिच्यात तिने पाण्याची रेघ पार खाली ओढायला लावली होती, अर्ध्याहून थोडी वर. मला तेव्हा ती वाया गेलेली जागा वाटली होती आणि सकाळी मी टाकी काठोकाठ भरली होती. आता कळलं की ती जागा परत येणाऱ्या पाण्यासाठी होती. दार लागलं नाही तरी थोडं पाणी येणारच. त्याला खाली कुठेतरी मावायला हवं, एवढाच साधा हिशेब तिने केला होता. मानस हा तिच्या आराखड्यातला तिसरा उपाय होता, आणि फक्त त्याचंच कार्ड नव्हतं.

आम्ही नळी कापून वर घेतली, भोक पाडलं. खालच्या टाकीतलं पाणी तोटीने अळवाकडे सोडून रेघेपर्यंत आणलं. नळकाम करणाऱ्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत झडपेत काथ्या अडकवला. पंप थोडा वेळ चालवला, आणि मांयनी पुन्हा बटण बंद केलं.

झडप उघडीच राहिली. पाणी खाली येऊ लागलं. कपाटाचं दार उघडून आम्ही तिघं गुडघ्यावर बसून खालच्या टाकीकडे बघत होतो. पातळी चढत होती, चढत होती, आणि मला आता खोलीतल्या वस्तू कोणत्या क्रमाने उचलायच्या ते ठरवावं लागेल असं वाटत असतानाच वर नळीने सुर्र केलं. लहान मूल पेल्यातलं शेवटचं सरबत ओढतं तसा आवाज. पाणी थांबलं. खालच्या टाकीच्या काठाला अजून चार बोटं जागा होती.

"हां," मांय म्हणाल्या. एवढंच.

काथ्या काढला, पंप परत चालू केला. नळी वर आल्याने आता पाणी पडल्याचा आवाज येतो, खाडीच्या कडेला बसल्यासारखा. त्या आवाजात वाचता येतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. मासे लगेच हलवायचे नव्हते. नवं पाणी गाळणीतून काही आठवडे फिरून मुरावं लागतं, हेही एका कार्डावर होतं. तोवर दोघांच्या मध्ये मी एक जाळी लावली आणि लहानाचा पर भरत आला.

वाचनालयातल्या फळ्याचं काय करावं हा प्रश्न होता. वाक्य पुसायला गेलो आणि पुसलं नाही. चुकीचं असं त्यात काहीच नव्हतं. ते वयस्क सभासद पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्याशी बांधाबद्दल बराच वेळ बोललो. मला एकदम एवढं कसं कळू लागलं याचं त्यांना नवल वाटलं असावं.

त्या रविवारी संध्याकाळी भाजीचा टेम्पो परत आला. मी ड्रम उचलून मांयच्या मागे फाटकापर्यंत नेला. टेम्पोच्या मागच्या बाजूला ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तो हांगाच रांवूं दी."

"रिकामाच आहे, मांय. जड नाही."

"तुमकां पाणी बदलूंक जाय न्हय? बालदीन किती घालतले?" मग टेम्पोत चढून, पदर सावरून, त्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. "मासे हलवतास तेन्ना सांगा. मी येतां. आणि भोकांचें झाकण टाकूं नाकात, अळवाक पाणी शिंपडूंक बरें."

ड्रम आता मागच्या दारी, अळवाच्या वाफ्याजवळ असतो.